चादरीखालची पँट

पत्र थोडक्यात असं. वाचक अडतीस वर्षांच्या. लग्न होऊन नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरात येऊन चौदा वर्षं झाली. घरात सासूबाई, नवरा आणि तेरा वर्षांची मुलगी. बुटीबोरीच्या एका कारखान्यात आठ वर्षं स्टोअर सांभाळलं, दोन महिन्यांपूर्वी शॉप फ्लोअरवर सुपरवायझर म्हणून बढती मिळाली. तिथे निळी पँट, शर्ट आणि सेफ्टी शूज सक्तीचे. सासूबाईंना आणि मुलीला यातलं काहीच सांगितलेलं नाही. पुढचं त्यांच्याच शब्दांत :

“सकाळी पंजाबी ड्रेस घालून निघते. कंपनीच्या बाथरूममध्ये एका पायावर उभी राहून पँट चढवते, ओल्या फरशीला लागू नये म्हणून पायचा दातात धरते. संध्याकाळी परत उलटं. धुतली की गच्चीवर चादरीखाली वाळत घालते. परवा मुलीनं चादर उचलली, ‘आई, ही कोणाची?’ मी म्हटलं, बाबांची. ती हसली. ‘बाबांची कंबर एवढीशी?’ सासूबाई एकदा समोरच्या घरच्या सुनेला जीन्समध्ये बघून ‘पुरुषासारखी दिसते बाई’ म्हणाल्या होत्या. नवरा म्हणतो, आईला चालणार नाही, कशाला विषय काढतेस. आमच्या बैठकीत आजेसासूबाईंचा नऊवारीतला फोटो आहे, शेजारी सासूबाईंचा, लग्नानंतरचा, गोल पातळातला. त्या दोघींच्या देखत रोज खोटेपणा करून निघते. आणि खरं सांगू? पँट घातली की मला स्वतःलाच उघडं उघडं वाटतं. हा पाश्चात्त्य, पुरुषी पेहराव माझ्यासारखीसाठी नाहीच का? स्टोअरची जुनी जागा परत मागू का?”

माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून ‘तू’च म्हणते.

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी पेन घेऊन बसले आणि सासूबाईंनी तुला ‘पँट घालू नको’ म्हटल्याचं वाक्य शोधत गेले. सापडलं नाही. समोरच्या सुनेबद्दल त्या एकदा काहीतरी बोलल्या, तेवढंच. ‘आईला चालणार नाही’ हे तुझ्या नवऱ्याचं वाक्य आहे, आईचं नव्हे. म्हणजे ज्या मनाईपायी तू दोन महिने पायचा दातात धरून उभी आहेस, ती मनाई अजून कोणी केलेलीच नाही. करतीलही उद्या, मी नाही म्हणत नाही. पण त्यांच्या वतीनं नकार तूच देऊन मोकळी झालीस.

आणि दुसरं, जे मला जास्त लागलं. त्या बाईंना अजून हेही माहीत नाही की आपल्या सुनेला बढती मिळाली. पँट लपवायची म्हणून तू आनंदाची बातमीही चादरीखाली घातलीस. घरात साधा पेढा आला नाही.

आता तुझे ते दोन शब्द. ‘पाश्चात्त्य’ आधी घेऊ, तो सोपा आहे.

१८५१ साली अमेरिकेत काही बायकांनी आखूड झगा आणि त्याखाली घोट्याशी आवळलेला घोळदार पायजमा घालायला सुरुवात केली. जमीन झाडत जाणाऱ्या घागऱ्यांना त्या कंटाळल्या होत्या. अमेलिया ब्लूमर नावाच्या बाईंनी आपल्या ‘द लिली’ या पत्रातून त्या पेहरावाची बाजू घेतली, म्हणून त्याला ब्लूमर हे नाव चिकटलं. पण त्याचं आणखी एक नाव होतं, ‘टर्किश ड्रेस’. तुर्कांचं, पूर्वेकडचं, आपल्या घरंदाज बायकांना न शोभणारं सोंग, अशी तिकडे त्याची टिंगल झाली. पुढे काही वर्षांत ब्लूमरबाईंनीही तो नाद सोडला. म्हणजे तिकडे बाईची पँट पूर्वेची म्हणून वाईट आणि इकडे पश्चिमेची म्हणून. नावं ठेवणाऱ्यांनी फक्त तोंड फिरवलं.

‘पायजमा’ हा शब्द फारसी, पाय आणि जामा, पायाचं वस्त्र. तो आपल्याकडून इंग्रजीत गेला. डंगरी म्हणतात ती जाड्याभरड्या कापडाची पँट मुंबईच्या डोंगरीवरून नाव घेऊन जगभर फिरली. आतापर्यंत सापडलेल्या सगळ्यात जुन्या विजारी पश्चिम चीनमध्ये तुर्फानजवळच्या यांगहायच्या थडग्यांत निघाल्या. लोकरीच्या, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या, घोड्यावर बसणाऱ्या माणसांच्या. ज्याला दोन्हीकडे पाय टाकून बसायचं त्याला दोन पायांचं वस्त्र लागतं, एवढा साधा हिशेब आहे. त्यात पूर्व-पश्चिम नंतर घुसलं.

‘पुरुषी’ला जरा वेळ लागेल, कारण त्यासाठी तुझ्या बैठकीतल्या फोटोंपाशी जावं लागेल.

आजेसासूबाईंच्या फोटोत समोरून निऱ्या दिसत असतील. मागे काय आहे ते फोटोत येत नाही. मागे कासोटा असणार. माझी आजी काटोलकडची. तिला मी लुगडं नेसताना बघत बसायचे. पायांमधून घेतलेला काठ मागे ओढून कमरेत असा घट्ट खोचायची की दिवसभर बैलगाडीवर चढ, विहिरीच्या पायऱ्या उतर, गोठ्यात वाक, हलायचा नाही. सुई-दोऱ्याचा टाका नसलेली विजारच ती. तिला कोणी पुरुषी म्हटलं नाही. दिवाळी सरली की काटोल-सावनेरच्या रस्त्यानं जाऊन बघ. पऱ्हाटीत कापूस वेचणाऱ्या बाया दिसतील, लुगड्यावर नवऱ्याचा जुना, फुल बाह्यांचा शर्ट, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. बोंडाची टोकं हात ओरबाडतात आणि ऊन पाठ भाजतं, म्हणून. त्यांच्या शर्टालाही कोणी पुरुषी म्हणत नाही. हा शब्द लोक राखून ठेवतात तो ज्यांच्या कपड्यावर घराण्याचं नाव टांगलेलं असतं त्या बायकांसाठी.

कपडा अंगापेक्षा पायरी दाखवायला वापरला जातो, हे आपल्याकडे एका माणसानं फार नेमकं ओळखलं होतं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना सांगितलं की लुगडं आखूड नेसू नका, पांढरपेशा बायका नेसतात तसं पायघोळ नेसा. आखूड लुगडं ही जातीची खूण करून ठेवली होती. तिथे बंड लांब कपड्याचं होतं.

आता दुसरा फोटो, सासूबाईंचा. गोल पातळ. आज ते किती सोज्वळ दिसतं! पण जुन्या घरांत गोल नेसणं ही भानगड होती. कासोट्याशिवाय सोवळ्यातला स्वयंपाक चालत नसे, पूजेला बसता येत नसे. कासोटा सोडलेल्या सुनेला सासवा ‘मडमीण’ म्हणायच्या, माझ्या आईनं हा शब्द ऐकून घेतलाय. गंमत बघ. त्या पिढीत वस्त्र दोन पायांत विभागलेलं नाही म्हणून भांडणं झाली आणि आता विभागलेलं आहे म्हणून. तुझ्या सासूबाईंना नऊवारी नेसणाऱ्या सासूच्या घरात पहिलं गोल पातळ नेसायला काय पडलं असेल, हे तू त्यांना कधी विचारलंयस? विचार. शस्त्र म्हणून नको. गोष्ट ऐकायची म्हणून विचार.

झाशीच्या राणीचं उदाहरण मात्र देऊ नकोस. मोह होईल, कारण सीताबर्डीला त्या चौकातूनच आपण सगळे येतो-जातो. विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत झाशीत होते आणि बाईसाहेब कधी कधी पायजमा-अंगरखा असा पुरुषी वेश करत, हे त्यांनी लिहून ठेवलंय. त्याच राणीच्या नावानं १९४३ मध्ये सिंगापुरात सुभाषबाबूंनी रेजिमेंट उभी केली, तिथे कॅप्टन लक्ष्मींच्या हाताखालच्या पोरी खाकी ब्रीचेस घालून कवायत करत. सगळं खरं. पण सासूबाई म्हणतील, ‘तू राणी लागून गेलीस का?’ आणि त्यांचं बरोबर असेल. पराक्रमी बाईला सगळं माफ असतं. अडचण बुटीबोरीची बस गाठणाऱ्या बाईची आहे.

त्या बाईचा इतिहास वेगळा आहे, आणि तुझ्या कामाचा तोच आहे.

नोव्हेंबर १८०० मध्ये पॅरिसच्या पोलीसप्रमुखानं हुकूम काढला की ज्या बाईला पुरुषी कपडे घालायचे असतील तिनं पोलिसांकडून परवाना घ्यावा. जनावरांची चित्रं काढणाऱ्या रोझा बोनर यांना घोड्यांच्या बाजारात, खाटिकखान्यात वावरावं लागे. घागऱ्यात ते कसं जमणार? त्यांनी परवाना काढला. १८५७ चा त्यांचा कागद अजून जपलेला आहे. कारण लिहिलंय प्रकृतीचं, मुदत सहा महिने. मग १८९२ आणि १९०९ मध्ये थोडी ढील मिळाली : हातात सायकलचं हँडल किंवा घोड्याचा लगाम असेल तर पँट चालेल. विचार कर, सायकल भिंतीला टेकवून बाई पाव आणायला दुकानात शिरली की गुन्हेगार! हा हुकूम आता कायद्यात उरलेला नाही, हे तिथल्या महिला हक्क मंत्र्यांनी जाहीर केलं ते थेट जानेवारी २०१३ मध्ये.

इंग्लंडात हाच मासला. विगनच्या कोळसा खाणींवर वरच्या अंगाला कोळसा निवडणाऱ्या बायका पँट घालत, वरून घागरा कमरेशी गुंडाळलेला. १८८० च्या दशकात मोठमोठ्या लोकांना ते अश्लील वाटायला लागलं आणि बायकांचं कामच बंद करायची खटपट झाली. १८८७ मध्ये त्या बायका लंडनला जाऊन मंत्र्यासमोर उभ्या राहिल्या आणि काम वाचवलं. सायकलवाल्या लेडी हार्बर्टन यांना १८९८ मध्ये ऑकम गावच्या एका हॉटेलानं सायकलच्या विजारीत कॉफीच्या खोलीत बसू दिलं नाही, गुत्त्याकडच्या खोलीत बसा म्हणाले. खटला झाला, त्या हरल्या. १९३८ मध्ये लॉस एंजलिसला हेलन ह्यूलिक ही बालवाडीची शिक्षिका साक्ष द्यायला पँट घालून आली, न्यायाधीशानं झगा घालून ये म्हटलं, ती पुन्हा पँटमध्येच आली. पाच दिवसांची कैद. वरच्या न्यायालयानं ती शिक्षा रद्द केली. हे जुनं झालं असं वाटत असेल तर २००९ साल आठव : सुदानमध्ये लुबना हुसेन या पत्रकार बाईंना पँटसाठी पकडलं होतं, आणि त्या गुन्ह्याला तिथल्या कायद्यात चाळीस फटके होते.

या सगळ्यातून मला एक दिसतं. बाईला पँट मिळाली ती बहुतेक वेळा सवलत म्हणून. कामापुरती, वाहनापुरती, लढाई चालू आहे तोवर. हँडल सोडलं की काढा. आणि तू कंपनीच्या बाथरूममध्ये रोज दोनदा जे करतेस ते म्हणजे १९०९ चा पॅरिसचा नियम पाळणं आहे. तोही असा की तुझ्यावर हुकूम काढणारा पोलीसप्रमुखच कोणी नाही.

हे मी शहाणपणानं सांगत नाहीये, स्वतः तोंडघशी पडून सांगतेय. १९७९ साली मी बँकेत होते. धंतोलीहून लूनावर जायची, साडी नेसून. एका दुपारी व्हरायटी चौकात पदर मागच्या चाकात गेला. वेग नव्हता म्हणून वाचले. गुडघा फुटला आणि पातळाचा काठ चाकाच्या तारांत असा गुंडाळला गेला की एका पानवाल्यानं सुपारीच्या अडकित्त्यानं कापून काढला. दुसऱ्या आठवड्यात मी दोन पंजाबी ड्रेस शिवले. तेव्हा आमच्याकडे लग्न झालेल्या बाईनं पंजाबी ड्रेस घालणं म्हणजे आजची तुझी पँटच समज. सासूबाईंना काय सांगितलं? “बँकेनं नियम केलाय.” पडल्याचं सांगितलंच नाही, उगाच लूना बंद करतील.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बँकेतल्या दोघी आल्या, साड्या नेसून, आणि बोलता बोलता पितळ उघडं पडलं. सासूबाई त्यांच्यासमोर काही बोलल्या नाहीत. वाण दिलं, तिळगूळ दिला. रात्री म्हणाल्या, “पडलीस, हे नाही का सांगायचं?” ड्रेसबद्दल अवाक्षर नाही. आठ दिवस माझ्या हातचा चहा घेतला नाही, तो पडल्याचं लपवलं म्हणून. पण त्याहून मोठी फजिती पुढे झाली. मुलाच्या वेळी रजेवर होते, लूना घेऊन भाजीला जायची तर परत पातळ, परत तो पदर कमरेला गच्च खोवणं. का? तर नियम बँकेचा होता ना, माझा नव्हताच. बँक नाही तर ड्रेस नाही. स्वतःच्याच खोट्यात मी वर्षभर अडकले.

म्हणून ‘कंपनीचा नियम आहे’ हे तू सांग, कारण तुझ्या बाबतीत ते खरं आहे. पण त्या एकाच खुंटीवर सगळं टांगू नको. उद्या कंपनी बदलली, किंवा तुलाच रविवारी अंबाझरीला फिरायला पँट घालावीशी वाटली, तर खुंटी जागेवर नसेल.

स्टोअरची जागा परत मागू का, असं विचारतेस. मशीनचं काम जमत नसेल, पाळ्या झेपत नसतील, तर खुशाल माग, त्यात लाज नाही. पण पत्रात तशी एकही तक्रार नाही. आठ वर्षांनी मिळालेली बढती एका कपड्यापायी परत करायची, आणि कारण कोणालाच सांगायचं नाही? कंपनी समजेल, बाईला झेपलं नाही. पुढच्या बाईच्या वेळी तेच आठवतील. तिसरा रस्ता आहे तो चालू ठेवण्याचा, चादरीचा. दोन महिने निभलं. पण तेरा वर्षांची पोर कंबर मोजायला लागली म्हणजे तो रस्ता संपत आलाय.

‘उघडं उघडं वाटतं’ हे तू लिहिलंस ते फार बरं केलंस. पुष्कळ जणींना वाटतं, सांगत कोणी नाही. यात संस्कार कमी आणि सवय जास्त आहे. तीस वर्षं ओढणी-पदराखाली वावरलेल्या अंगाला एकाएकी झाकण काढल्यासारखं होतंच. त्यात कंपनीनं दिलेली पँट बहुतेक पुरुषी मापाची असणार : कमरेला ढगळ, मागे घट्ट, बसलं की ओढली जाते. मग बाई दिवसभर शर्ट खाली ओढत राहते आणि समजते की दोष आपल्यात आहे. दोष कापडाच्या कापात असतो. दोन ठिकाणी टाके घातले की अर्धं उघडेपण जातं. उरलेलं महिन्या-दोन महिन्यांत सरतं. आणि समजा नाहीच सरलं, तर पँट आवडलीच पाहिजे असं काही व्रत नाही. कंपनीकडे गुडघ्यापर्यंतचा कोट किंवा बिनओढणीचा, अंगाबरोबरचा कुर्ता मागता येतो. फक्त सैल कपडा आणि ओढणी मशीनजवळ नको, यात तडजोड नाही. फिरत्या पट्ट्याला ओढणी आणि साडी सारखीच. १९४८ च्या कारखाना कायद्यातही चालू मशीनजवळ जाणाऱ्यानं अंगाबरोबरचे कपडे घालावेत आणि ते मालकानं पुरवावेत असं बाविसाव्या कलमात होतं. अर्थात त्या कलमातला माणूस ‘प्रौढ पुरुष’ होता! बाईला तर त्याच कलमानं चालू मशीनची साफसफाई, तेलपाणी करायला मनाईच केली होती. आपल्याच नागपुरातल्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात तरी बाई कुठे होती? १९५६ पासूनची ती संस्था, आणि तिथे शिकायला आलेली पहिली मुलगी हर्षिनी कान्हेकर, ती आली २००२ मध्ये.

नवऱ्याबद्दल दोन शब्द. ‘कशाला विषय काढतेस’ म्हणणारी माणसं वाईट नसतात, आळशी असतात. त्याचे आजोबा धोतर नेसत असतील. घरात धोतर जाऊन पँट आली ती कोणाला विचारून आली, आणि तीही पाश्चात्त्यच होती की नाही, एवढं त्याला हसत हसत विचार. मग सांग की मी आईंशी बोलणार आहे आणि तू खोलीत हवास. बोलायचं नसलं तरी चालेल, पेपर वाचायचा नाही.

बोलायचं कधी? सकाळी डब्याच्या घाईत नको, पाहुणे असताना तर नकोच. रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर. आधी पेढे ठेव. बढतीचं पत्र दाखव. मग पँट, घडी घालून, उघड्यावर. आणि विचारू नकोस, सांग. साधारण असं : “आई, मला सुपरवायझर केलंय. मशीनवर काम आहे, तिथे पँट-शर्ट लागतो. दोन महिने झाले, तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही, ते माझं चुकलं. उद्यापासून घरूनच घालून निघीन.” माफी लपवल्याबद्दल माग, पँटबद्दल नाही. आणि मग गप्प राहा. ही सगळ्यात अवघड जागा आहे. आपण घाबरून लगेच ‘पण वरून लांब कुर्ता घालीन हं, पण सणाला नऊवारी नेसीन हं’ असे हप्ते बांधून देतो. देऊ नकोस. महालक्ष्म्यांना नऊवारी नेसायची तर आवडते म्हणून नेस, दंड म्हणून नको.

त्या चिडल्या तर चिडू दे. दोन महिने अंधारात ठेवलेल्या माणसाला तेवढा हक्क आहे. चहा घेणार नाहीत, कदाचित बोलणार नाहीत. तू मात्र दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे निघ. लिहितेस त्यावरून मला वाटतं त्यांची धास्ती पँटची कमी आणि समोरच्या ओट्यावरच्या बायकांची जास्त असेल. एकदा स्वतः जे बोलून बसल्या ते आता आपल्यावर उलटेल ही. तेव्हा त्या वाक्याची आठवण चुकूनही करून देऊ नकोस. त्यांना ते विसरायला जागा दे. राहिली गल्ली. पोळ्याच्या पाडव्याला आपण सगळी इडापीडा मारबतीच्या पुतळ्याबरोबर धाडून देतोच, त्यात गल्लीची कुजबूजही घाल.

अशीच पत्रं आणखीही येतात, म्हणून थोडं सगळ्यांसाठी. सरकारी कार्यालयात असाल तर डिसेंबर २०२० च्या परिपत्रकात बायकांसाठी साडी, सलवार, चुडीदार यांच्या जोडीला ट्राउझरही लिहिलेली आहे. साहेब नाक मुरडत असतील तर कागद दाखवा. शिक्षिकांचं कठीण आहे. मार्च २०२४ च्या सूचनेत त्यांना साडी किंवा सलवार-कुर्ता-दुपट्टा आणि पुरुष शिक्षकांना शर्ट-पँट असं सरळ वाटून दिलंय. माझ्या मते ते चूक आहे, पण ते एकटीनं वर्गात लढू नका, संघटनेत मांडा. दुचाकीवर साडीच नेसणाऱ्यांनी मागच्या चाकाची जाळी काढून टाकू नये. मागे बसणाऱ्याचा कपडा अडकू नये म्हणून ती मोटार वाहन नियमांतच आहे, आणि दिसायला बरं नाही म्हणून ती काढणारे महाभाग मी रोज बघते. सासवांचीही पत्रं येतात. त्यांना इतकंच विचारते, तुमच्या अंगावरचं वस्त्र तुमच्या सासूबाईंना पसंत होतं का?

मुलीशी मात्र रविवारपर्यंत थांबू नकोस. आजच सांग, ती पँट माझी आहे, बाबांची म्हटलं ते खोटं होतं. कारण विचारेल. ‘घाबरले होते’ म्हण. तिला ते कळतं, या वयात पोरींना आपल्याआधी कळतं.

आणि रविवारच्या आधी कंपनीची पँट शिंप्याकडे ने. इतवारीत, महालात एकाहून एक कारागीर बसलेत. माप द्यायला सेफ्टी शूज घालूनच जा, नाहीतर उंची आखूड पडते आणि खाली मोजे दिसतात. कमरेला मागून दोन चुण्या, बैठक थोडी सैल, आणि खिसे वीतभर खोल सांग. बायकांच्या तयार पँटींना खिसे नावाला असतात, त्यात रुमालसुद्धा मावत नाही. तुला मोबाइल, किल्ल्या, मोजपट्टी सगळं ठेवायचंय. उन्हाळ्यासाठी सुती जोड वेगळा शिवून घे, मे महिन्यात तो मिश्र कापडाचा गणवेश अंगाला चिकटून जीव घेईल. आणि वाळत घालताना उलटी करून घाल. आपल्या गच्चीवरच्या उन्हात निळा रंग दोन महिन्यांत विटतो.